‘घेतली असेल’ आणि ‘घेतली असती’ : इंग्रजी संकेतार्थ वाक्यांचा वैद्यांपुरता विचार



द्रव्यगुण, रसशास्त्र व पंचकर्म यांवरील लेखांच्या या पानांत व्याकरणावरील लेख पाहून कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु आज संदर्भपत्र, लेबल, सूचनापत्रक, परप्रांतीय रुग्णाशी संभाषण अशा अनेक प्रसंगी आपणांस इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागतो. त्यातही ‘जर-तर’ची वाक्ये पदोपदी येतात, कारण वैद्याचे बोलणेच मुळी अटींचे असते. पथ्य पाळले तर, ताप उतरला नाही तर, गर्भिणी असेल तर! ही वाक्ये चुकली तर केवळ भाषा बिघडते असे नाही. प्रस्तुत लेखकाने हे स्वानुभवाने जाणले आहे.

१) एका पत्राची कथा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मंद्रूप परिसरात ज्वारीची पेरणी चालू होती. दुपारी एका वृद्ध शेतकऱ्यास त्यांच्या मुलाने चिकित्सालयात आणले. अंगास दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. मधुमेहासाठी ते आधुनिक गोळ्या घेत असत. त्या दिवशी न्याहारी न करताच शेतावर गेले होते. ग्लुकोमीटरने रक्तशर्करा फार खाली गेल्याचे दाखविले. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी दिले. काही वेळाने ते सावध झाले व मी त्यांना सोलापूरला पाठविले. सकाळची गोळी घेतली होती की नाही हे मुलास ठाऊक नव्हते आणि रुग्णास आठवत नव्हते.

मनात मराठी वाक्य स्पष्ट होते, ‘यांनी सकाळची गोळी घेतली असेल, तर साखर पुन्हा उतरेल.’ घाईत कागदावर इंग्रजी उतरले ते असे : ‘इफ ही हॅड टेकन द मॉर्निंग टॅब्लेट, द शुगर वुड फॉल अगेन.’

पत्र वाचणारे डॉक्टर परप्रांतीय होते. त्यांना मराठी येत नव्हते, इंग्रजी उत्तम येत होते. त्यांनी वाक्याचा जो अर्थ होतो तोच घेतला, म्हणजे ‘गोळी घेतली असती तर साखर पुन्हा उतरली असती, अर्थात गोळी घेतलेली नाही.’ तपासणीत रक्तशर्करा ठीक आली, कारण साखरेचे पाणी पोटात होते. काही तासांनी रुग्णास घरी सोडण्यात आले. या वर्गातील काही गोळ्यांचा प्रभाव दीर्घकाळ टिकतो व शर्करा पुन्हा पुन्हा खाली येते. संध्याकाळी ते पुन्हा बेशुद्धीच्या उंबरठ्यावर होते. सुनेने शोधल्यावर उशीखाली गोळ्यांची पट्टी सापडली. त्या दिवसाची गोळी त्यात नव्हती. पुन्हा सोलापूर गाठले व रुग्ण वाचला. दोष वाचणाऱ्याचा नव्हता, लिहिणाऱ्याचा होता. ‘हॅज’च्या जागी ‘हॅड’ आणि ‘विल’च्या जागी ‘वुड’ एवढीच ती चूक!

२) संकेतार्थ म्हणजे काय?

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ सांगितले जातात. एक गोष्ट झाली तर दुसरी होईल किंवा झाली असती असा संकेत जेथे असतो तो संकेतार्थ. दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आले. या परंपरेमुळे आपल्याजवळ हे विवेचन मातृभाषेत तयार आहे. इंग्रजी शिकताना त्याचा उपयोग मात्र आपण क्वचितच करतो.

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षी संस्कृत शिकलेल्यांना आणखी एक सोय आहे. पाणिनीने हेतू व त्याचे फल दाखविण्यासाठी लिङ् लकार सांगितला आणि क्रिया घडलीच नाही, म्हणजे ‘क्रियातिपत्ती’ झाली, तेथे स्वतंत्र लृङ् लकार दिला. ‘यदि रुग्णः पथ्यम् अकरिष्यत्, तर्हि स्वस्थः अभविष्यत्’ या वाक्यातच सांगितले गेले की रुग्णाने पथ्य केले नाही व तो बरा झाला नाही. इंग्रजीतील ‘इफ ... हॅड ... वुड हॅव’ ही रचना म्हणजे आपला लृङ् होय. एवढे ध्यानी ठेवले तरी अर्धे काम झाले.

मीमांसेच्या भाषेत सांगायचे तर येथे अर्थापत्ती आहे. पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही म्हटले की तो रात्री जेवतो हे न सांगता कळते. तसेच ‘हॅड टेकन ... वुड’ म्हटले की ‘घेतली नाही’ हे न लिहिता कळते. माझ्या पत्रात नेमके हेच झाले.

३) शाळेत शिकविलेले चार प्रकार

पहिला प्रकार नित्य सत्याचा. ‘इफ यू हीट घी, इट मेल्ट्स.’ तूप तापविले की वितळते. दोन्ही अंगी साधा वर्तमानकाळ. द्रव्यांचे स्वभाव सांगताना हा वापरावा.

दुसरा प्रकार शक्य भविष्याचा. ‘इफ यू अव्हॉइड कर्ड, द स्वेलिंग विल गो डाउन.’ दही वर्ज्य केले तर सूज उतरेल. येथे ‘इफ’च्या अंगी वर्तमानकाळ आणि फलाच्या अंगी ‘विल’. ‘इफ यू विल अव्हॉइड’ असे लिहू नये. फलाच्या जागी आज्ञाही चालते : ‘इफ द फीवर रिटर्न्स, कम बॅक.’

तिसरा प्रकार कल्पनेचा. ‘इफ आय वेअर यू, आय वुड नॉट स्टॉप द मेडिसिन.’ मी तुमच्या जागी असतो तर औषध बंद केले नसते. रूप भूतकाळाचे, पण गोष्ट आजची व अवास्तव. येथे ‘आय’बरोबरही ‘वेअर’ येते. बोलण्यात ‘वॉज’ ऐकू येते, लेखनात ‘वेअर’ शिष्टसंमत.

चौथा प्रकार क्रियातिपत्तीचा. ‘इफ ही हॅड कम अर्लियर, द वूंड वुड हॅव हील्ड सूनर.’ ते आधी आले असते तर व्रण लवकर भरला असता. आले नाहीत, हे गृहीत. कधी हेतू भूतकाळाचा व फल आजचे असते, तेव्हा तिसरा व चौथा यांचा संयोग होतो : ‘इफ ही हॅड फॉलोड द डायट, ही वुड बी वेल टुडे.’

आता मराठी माणसाची अडचण पाहा. ‘दही सोडले तर’, ‘पाऊस पडला तर’ यांत आपण शक्य भविष्यासाठी भूतकाळाचे रूप वापरतो. आमच्या सीमाभागातील कन्नडमध्येही तसेच आहे. ‘मळे बंदरे’ म्हणजे पाऊस आला तर, आणि तेथेही धातूचे भूतकाळी अंगच येते. त्यामुळे मराठी किंवा कन्नड मनातून थेट इंग्रजी करणारा ‘इफ इट रेन्ड’ असे लिहून जातो व शक्य गोष्ट नकळत अवास्तव करून टाकतो. इंग्रजीत भूतकाळाचे रूप वास्तवापासूनचे अंतर दाखविते. एक पाऊल मागे म्हणजे ‘कल्पना’, दोन पावले मागे म्हणजे ‘घडलेच नाही’.

४) शाळेत न शिकविलेला पाचवा

आमच्या पिढीचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. दोन्ही पिढ्यांनी वरील चार साचे पाठ केले. परंतु वैद्यास सर्वाधिक लागणारे वाक्य या चारांत नाही. ते म्हणजे ‘घडले असेल, नसेल, ठाऊक नाही’ अशा भूतकाळाचे वाक्य. माझे पत्र नेमके याच जागी अडखळले. योग्य साचा सापडला नाही म्हणून हाताशी असलेला चौथा उचलला गेला.

मराठीत हा भेद एका शब्दात राहतो. ‘घेतली असेल तर’ म्हणजे शंका, ‘घेतली असती तर’ म्हणजे नकार. कन्नडमध्येही ‘आला असता तर’ यासाठी ‘बंदिद्दरे’ असे निराळे रूप आहे. इंग्रजीत शंकेच्या वाक्यास ‘हॅज’ घ्यावे : ‘इफ ही हॅज टेकन द टॅब्लेट, द शुगर मे फॉल अगेन.’ ‘हॅज’ने दार उघडे राहते, ‘हॅड ... वुड’ने ते बंद होते. तसेच ‘ही’ला स्वल्पचिन्ह व ‘डी’ जोडलेले संक्षिप्त रूप पत्रात वापरू नये. ते ‘हॅड’ही असू शकते व ‘वुड’ही.

परंतु खरा धडा याहून सोपा आहे. संदर्भपत्रात वस्तुस्थिती अटीच्या वाक्यात घालूच नये. तीन छोटी वाक्ये लिहावीत. गोळीचे नाव अमुक. सकाळी घेतली किंवा नाही ते ज्ञात नाही. शर्करा पुन्हा उतरण्याची शक्यता आहे, देखरेखीखाली ठेवावे. ‘ज्ञात नाही’ असे लिहिण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

५) इच्छा व्यक्त करणे

‘विश’ व ‘होप’ यांचा गोंधळ असाच. ‘आय होप युअर मदर इज वेल’ म्हणजे आपल्या मातोश्री बऱ्या असतील अशी आशा. त्याच जागी ‘आय विश युअर मदर वेअर वेल’ लिहिले तर ‘त्या बऱ्या असत्या तर किती बरे झाले असते’ असा अर्थ होतो, म्हणजे त्या बऱ्या नाहीत! ‘विश’पुढे वाक्य आले की तेथेही रूप एक पाऊल मागे जाते. आजची खंत असेल तर ‘आय विश आय न्यू कन्नड’, गतकाळाची असेल तर ‘आय विश आय हॅड रिटन इट क्लिअर्ली’. दुसऱ्याच्या सवयीविषयी तक्रार असेल तर ‘वुड’ येते : ‘आय विश ही वुड स्टॉप चूइंग टोबॅको.’ ‘आय विश यू विल’ ही रचना टाळावी.

‘विश’पुढे नाम आले तर मात्र ती निखळ शुभेच्छा : ‘आय विश यू अ स्पीडी रिकव्हरी.’ संस्कृतातील आशीर्लिङ् इंग्रजीत ‘मे’ने साधतो : ‘मे यू लिव्ह लाँग.’ रुग्णास धीर देताना ‘होप’ किंवा ‘मे’ घ्यावे. वाक्यातील ‘विश’ वैद्याच्या तोंडी खेदासाठी राखून ठेवावे.

६) लेबल व सूचनापत्रक

औषधनिर्मात्यांसाठी तीन सूचना. एक, ‘अनलेस’मध्ये नकार आधीच आहे. ‘अनलेस यू डोन्ट’ लिहिल्यास अर्थ उलटतो. दोन, ‘इफ’ व ‘इन केस’ समानार्थी मानू नयेत. ‘टेक इट इफ यू गेट फीवर’ म्हणजे ताप आला तर घ्या. ‘टेक इट इन केस यू गेट फीवर’ म्हणजे येऊ शकेल म्हणून आधीच घ्या. मात्रेच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तीन, जेथे अट नाही तेथे अट घालू नये. औषध नियम १९४५ मधील नियम १६१ नुसार अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या आभ्यंतर औषधांच्या लेबलवर ‘कॉशन : टू बी टेकन अंडर मेडिकल सुपरव्हिजन’ हा इशारा इंग्रजी व हिंदीत द्यावा लागतो. त्यात ‘इफ’ नाही. वत्सनाभयुक्त कल्पावर ‘त्रास झाल्यास वैद्यांना भेटा’ एवढेच छापणे पुरेसे नाही ते याचसाठी.

७) समारोप

रोज एक संकेतार्थ वाक्य मराठीत लिहावे, त्यापुढे ‘शक्य’, ‘अवास्तव’, ‘घडले नाही’ किंवा ‘ठाऊक नाही’ यांपैकी एक शब्द लिहावा आणि मगच इंग्रजी करावे. निदान आधी, चिकित्सा नंतर, हा आपला क्रम येथेही लागू पडतो. महिनाभरात हात बसतो.

ते वृद्ध गृहस्थ पुढेही बाजारच्या दिवशी चिकित्सालयात डोकावत असत. ‘डॉक्टर, त्या दिवशी चिठ्ठीत काय लिहिलं होतंत?’ असे त्यांनी एकदा विचारले. मी वाक्य समजावून सांगितले. ते हसून म्हणाले, ‘मग मराठीतच लिहायचं की!’ तेही खरेच. ज्यास मराठी येते त्यास मराठीत लिहावे. ज्यास येत नाही त्यास इंग्रजीत लिहावे, पण ‘असेल’ व ‘असती’ यांतील अंतर मनात मोजून.

इति शम्।