मुद्दाम गळणारी केबल

मेहकर किंवा सिंदखेड राजाहून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघालेली गाडी इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यात शिरते. ५ जून २०२५ रोजी खुल्या झालेल्या शेवटच्या टप्प्यातला हा बोगदा ताशी ८० किलोमीटर वेगानेही पार करायला सहा मिनिटे लागतात. डोक्यावर सह्याद्रीचा काळा पाषाण. त्यातून मोबाइलच्या लहरी आत पोचत नाहीत. अशा बोगद्याच्या तोंडाशी अँटेना लावला, तरी वळणे आणि मोठी वाहने लहरींना अडवतात. मग आत संदेश न्यायचा कसा?

खाणी, भुयारी मेट्रो आणि लांब बोगद्यांत यासाठी ‘लीकी केबल’ वापरतात. घरी डिशपासून टीव्हीपर्यंत येते, तिचीच ही थोरली बहीण. मध्ये तांब्याची तार, भोवती फोम, त्यावर धातूचे कवच. घरच्या केबलचे कवच संदेश बाहेर गळू देत नाही. इथे त्याच कवचाला ठरावीक अंतरावर खाचा पाडतात.

बुलढाण्याच्या शेतकऱ्याला हे नवे नाही. ठिबकची नळी प्रत्येक झाडापाशी थोडे थोडे पाणी सोडते, तशी ही केबल बोगदाभर संदेश झिरपवते. नळीच्या शेवटी दाब कमी होतो, तसा इथेही पुढे जाताना संदेश क्षीण होतो. म्हणून काही केबलींत सुरुवातीला गळती कमी आणि शेवटाकडे जास्त ठेवतात. ठरावीक टप्प्यांवर संदेशाची ताकद वाढवणारी यंत्रे बसवतात. दोन मीटरवरच्या फोनला केबलमधल्या शक्तीचा जेमतेम कोटीतला एक भाग मिळतो, पण तेवढा पुरतो. कारण मिलिवॅटच्या अब्जाव्या भागावरही फोन चालतो.

एक फरक मात्र मोठा आहे. ठिबकच्या नळीत पाणी परत शिरत नाही. या केबलीत खाचांतून फोनचा आवाज आतही येतो. म्हणूनच अडकलेला माणूस मदत मागू शकतो आणि अग्निशमन दलाचे जवान एकमेकांशी बोलू शकतात. त्यासाठी केबलचे वेष्टन आगीत लवकर न पेटणारे लागते. दोन्ही टोकांकडून संदेश सोडला, तर केबल मध्येच तुटली तरी दोन्ही तुकडे बोलते राहतात.

बोगद्याची चर्चा करताना आपण लांबी, मार्गिका आणि वाचलेला वेळ मोजतो. आत गाडी बंद पडलेल्याला मात्र त्यातले काहीच उपयोगी पडत नाही. त्याची हाक बाहेर पोचते का, हे पाहिल्याशिवाय बोगदा पुरा झाला असे म्हणू नये.