सेडानचं पोट आणि किनाऱ्याचं मीठ

अलिबाग-मुरूडकडे कुणी गाडी घ्यायला निघालं की सल्ला द्यायला अख्खी आळी गोळा होते. त्यात कुणी सेडानचं नाव काढलं तर पहिलं वाक्य ठरलेलं: “सेडान? आणि इथे? पोट घासेल!” माझ्याकडे नऊ वर्षं होंडा सिटी आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वाडीत उभी असते. एवढ्या वर्षांत पोट किती वेळा घासलं ते मी बोटांवर मोजू शकतो. मिठाने काय काय खाल्लं ते सांगायला मात्र बिलांची फाईल काढावी लागते. पण मिठाबद्दल त्या आळीतलं कुणीही अवाक्षर काढलं नव्हतं.

आधी एक घोळ निस्तरतो. डिझायर, ऑरा या चार मीटरच्या आतल्या सेडान. मधल्या आकाराच्या म्हणजे सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस. लांबी साडेचार मीटरच्या आसपास. मारुतीची सियाझ यातलीच, ती 2025 मध्ये बंद झाली. “लांब गाडी म्हणून सेडानला टॅक्स जास्त आणि एसयूव्हीला कमी” असं एक जण मला छातीठोकपणे सांगत होता. तसं नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाड्यांना 40 टक्के. त्यात व्हर्नाही आली आणि क्रेटाही. व्हर्नासारख्या गाडीवर त्याआधी सेससकट 45 टक्के पडत होते, म्हणजे उलट थोडी सुटकाच झाली.

“पोट घासेल”

आकडेच बघू. सिटी आणि व्हर्ना जमिनीपासून 165 मिलिमीटर, सियाझ 170, स्लाव्हिया आणि व्हर्टस 179. क्रेटाला 190. म्हणजे जिच्यासाठी लोक लाखभर रुपये जास्त मोजायला तयार असतात ती उंची फार तर एका बोटाच्या जाडीची, नाहीतर दीड बोटाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. असा गतिरोधक कुठलीही सेडान सहज ओलांडते. अडचण येते ती गावोगावी रातोरात उगवणाऱ्या डांबराच्या उंचवट्यांची. ते मापात नसतात, पाट्यासारखे उभे असतात, आणि त्यांच्यावर एसयूव्हीसुद्धा आदळते.

दुसरं म्हणजे हे आकडे रिकाम्या गाडीचे धरायचे. मोठ्या एसयूव्हीवरच्या सेससाठी 170 मिलिमीटरची जी अट होती, तीही रिकाम्या गाडीचीच, असं सरकारने 2023 मध्ये स्पष्ट केलं. मागे तीन माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि नारळ भरले की मागचा भाग दोन-तीन सेंटीमीटर तरी बसतो. पोट घासतं ते तेव्हा. त्यातही पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितका मधला भाग उंचवट्यावर टेकण्याची शक्यता जास्त. सिटीत ते 2600 मिलिमीटर आहे, व्हर्नात 2670. म्हणून उंचवटा सरळ न घेता तिरका घ्यायचा, एकेक चाक चढवत. इथले जुने ड्रायव्हर हे न सांगता करतात.

खरी भीती मला फेरीबोटीच्या उतारावर वाटते. मांडव्याच्या रो-रोचा प्रश्न नाही. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून ती सुरू झाली, मोठं जहाज आहे, गाडी आरामात चढते. पण आगरदांड्याहून दिघीला किंवा बागमांडल्याहून वेसवीला जाताना काँक्रीटचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये जो कोन होतो, तिथे सेडानचं पुढे आलेलं नाक आधी टेकतं. ओहोटीला धक्क्याचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो तेव्हा चाकंही सरकतात. उपाय साधा आहे: माणसं आधी उतरवायची, गाडी हलकी झाली की वर उचलली जाते, आणि ब्रेकवर पाय ठेवून मुंगीच्या पावलाने जायचं. मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी. नऊ वर्षांत माझा बंपर दोनदा घासला, दोन्ही वेळा घाई मी केली होती.

“खाऱ्या हवेत गंज लागतो तो पावसाळ्यात”

हा सगळ्यात पक्का समज, आणि सगळ्यात महागही. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. पावसाळ्यात मीठ ओलं होतं, म्हणून त्यात तांदळाचे दाणे टाकतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेऊन विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांना तर याहून कितीतरी कमी ओलही पुरते. किनाऱ्यावर रात्री ही ओल वर्षातले बहुतेक दिवस असते. म्हणजे गाडीवर बसलेला मिठाचा पातळ थर दिवसा सुकतो आणि रात्री पुन्हा ओला होतो. गंजाला पाणी लागतं, हवा लागते, आणि मिठाने त्या पाण्यातून वीज वाहणं सोपं होतं. लोखंड झिजण्याची क्रिया मुळात विजेचीच आहे. पाऊस पडला नाही तरी हे रोज रात्री चालू.

पावसाळ्याची गंमत वेगळीच. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि हे पाणी गोडं असतं. छपरावरचं, बॉनेटवरचं मीठ ते फुकटात धुऊन टाकतं. जिथे पाऊस पोचत नाही तिथलं मीठ मात्र तसंच राहतं: चाकांच्या वरच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा, पोटाखालचे सांधे. म्हणून छताखाली उभी केलेली गाडी सुरक्षित, हा समजही अर्धाच खरा. छत उन्हापासून आणि पडणाऱ्या नारळापासून वाचवतं, पण मीठ धुतलं जाण्याची एकमेव फुकट सोयही काढून घेतं. हवा न खेळणारं बंदिस्त गॅरेज तर त्याहून वाईट, ओल आत कोंडून राहते.

लोखंड आणि अलिबाग यांचं वैर तसं जुनं आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मोजमापं बिघडतील म्हणून 1904 मध्ये ती अलिबागला आणली, आणि तिथल्या मोजमापाच्या इमारतींत लोखंड वापरलं नाही. बाकी गावाला ती चैन नाही. आमच्या दाराच्या कड्या-कोयंड्यांकडे बघितलं तरी गाडीचं भविष्य कळतं.

मग करायचं काय? ऑक्टोबर ते मे, निदान पंधरवड्यातून एकदा गाडी खालून धुवायची. वरून चकचकीत करणारे खूप आहेत, पाईप घेऊन खाली वाकणारे कमी. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मिठाच्या जखमेला मिठाचं पाणी. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. सुरूच्या काड्यांनी आणि वाळूने ती बुजतात, दरवाजात पाणी साठतं आणि पत्रा आतून कुजत येतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. छिद्रं झाडूच्या हिराने मोकळी करता येतात, खर्च शून्य.

पोटाला काळं रबरी कोटिंग मारलं की निश्चिंत, असंही मानतात. नव्या कोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर ते चांगलं. पण आधीच मीठ बसलेल्या पत्र्यावर मारलं, किंवा दगड लागून त्याला चीर गेली, तर ओल त्याच्या आत अडकते आणि गंज पांघरूण घेऊन वाढतो. दरवर्षी गाडी लिफ्टवर चढवून ते बघून घ्यायचं. ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर दिसला तर मात्र घाबरू नका, पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये तो निघतो. माझं सगळ्यात मोठं बिल पत्र्याचं नव्हतंच. एसीच्या कंडेन्सरचं होतं. जाळीच्या मागे, थेट वाऱ्यात असलेल्या त्या बारीक ॲल्युमिनियमच्या पात्यांना मिठाने कुरतडलं आणि मे महिन्यात गॅस गळला. एसयूव्हीलाही कंडेन्सर तिथेच असतो.

“आजकालचा पत्रा पातळ”

जुनी गाडी ठोकून दाखवत आजोबा हे म्हणतात. पत्रा जाड होता हे खरं, पण किनाऱ्यावर तोच आधी कुजायचा. आताच्या गाड्यांच्या पत्र्याला बऱ्याच ठिकाणी जस्ताचा थर असतो, आणि पूर्ण सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात, त्यामुळे तो सांध्यांतही शिरतो. अपघाताचं म्हणाल तर जाडीपेक्षा पोलाद कोणतं आणि सांगाडा कसा बांधला हे महत्त्वाचं. चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टसना 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले, मोठ्यांच्या सुरक्षेसाठी आणि लहान मुलांच्याही.

“उंच गाडी पाण्यातून निघते”

जमिनीपासूनची उंची आणि पाण्यातून जायची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन हवा कुठून ओढतं त्यावर सगळं अवलंबून. ते तोंड साधारण जाळीच्या मागे, बॉनेटच्या कडेजवळ असतं. पुढून ट्रक आला आणि त्याने लाट उठवली की गुडघाभर पाणीही तिथवर पोचतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनचा दांडा वाकतो. खारेपाटात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी गाठतात तेव्हा रस्ता कुठला आणि खाजण कुठलं कळत नाही. जुलै 2021 मध्ये महाडला सावित्रीचं पाणी चढलं तेव्हा उंच-बुटकी असा भेद उरला नव्हता. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला जायचं नाही, ढकलून बाहेर काढायची. तशी चालू करून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि इथे ते घ्यावंच.

“पुळणीवर नेता येत नाही ना!”

येत नाही, आणि नेऊही नये. पण हा सेडानचा दोष कसा? क्रेटा, सेल्टॉस यांचीही फक्त पुढचीच चाकं फिरतात. वाळूत चाक फिरलं की ते स्वतःचा खड्डा खणतं. डिसेंबर 2024 च्या शेवटी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी रुतली आणि ती बैलगाडीला बांधून बाहेर काढली, तो व्हिडिओ देशभर फिरला. मुंबईकर हसले. इथल्या माणसाला नवल वाटलं नाही, दर सुट्टीला आपल्याकडे ट्रॅक्टर तयारच असतो. रुतण्यापेक्षाही वाईट ते नंतरचं: खाऱ्या पाण्यात बुडालेले बेअरिंग आणि वायरींचे जोड पुढे वर्षभर त्रास देतात.

बाकीचे समज थोडक्यात. लांबच्या प्रवासाला डिझेल सेडान घ्या म्हणणाऱ्यांना सांगावं की या वर्गात नवीन डिझेल आता मिळतच नाही. एप्रिल 2023 चे धुराचे कडक नियम आले तेव्हा सिटी आणि व्हर्नाची डिझेल इंजिनं बंद झाली. ॲव्हरेज हवं असेल तर सिटीचं हायब्रिड आहे, कागदावर लिटरला 27 किलोमीटर, पण बॅटरीने डिकी 506 लिटरवरून 306 वर आणली आहे. गणपतीला चाकरमान्यांच्या बॅगा मोजून मग ठरवा. आणि चौल-नागावच्या गडग्यांमधल्या अरुंद रस्त्यांना “मोठी सेडान मावणार नाही” म्हणतात, तर सिटीची रुंदी 1748 मिलिमीटर आहे, क्रेटाची 1790. लांबी वळताना त्रास देते हे मात्र कबूल.

एक तक्रार खरीच आहे, ती गैरसमजात ढकलणार नाही. सेडानमध्ये बसायचं म्हणजे खाली बसायचं आणि उतरायचं म्हणजे उठायचं. माझ्या आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती माझ्या गाडीत कुरकुरतच बसते, आणि शेजारच्यांच्या एसयूव्हीत खुशाल जाते. घरात सत्तरीचं माणूस असेल तर शोरूममध्ये त्याला घेऊन जा आणि चारदा बसवा-उठवा. ॲव्हरेजचा तक्ता नंतर बघा.

शेवटचं, जुनी घेणाऱ्यांसाठी. पुण्या-नाशकाकडचे लोक एमएच-06 पाटी दिसली की “किनाऱ्यावरची नको” म्हणून सोडून देतात. पाटी फक्त गाडी कुठे नोंदवली ते सांगते. पेणला आयुष्य काढलेली गाडीही एमएच-06 असते, आणि वरळीच्या समुद्राकाठी दहा वर्षं उभी असलेली एमएच-01. पाटी सोडा, डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालच्या खोबणीत बोट फिरवा. सीटच्या बोल्टांचे माथे बघा, दरवाजाच्या खालच्या कडेवर नख ओढा. आणि स्टेपनीखाली वाळू सापडली, तर मालकाला सरळ विचारा, “ट्रॅक्टरवाल्याने किती घेतले?”