पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे काय? प्रतिपिंडांची चाचणी समजून घेताना

एप्रिल २०१६ मध्ये फिलिपिन्स शासनाने शाळकरी मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ ही डेंग्यू प्रतिबंधक लस देण्याची मोहीम हाती घेतली. ८ लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लस घेतल्यानंतर डेंग्यूची लागण झाल्यास आजार अधिक तीव्र होऊ शकतो. मोहीम थांबविण्यात आली. परंतु आपल्या मुलाला पूर्वी डेंग्यू झाला होता काय, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहिला.

केवळ आठवणीवर विसंबून याचे उत्तर देता येत नाही. डेंग्यूची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच त्रास होत नाही, किंवा साधा ताप येऊन जातो. म्हणून रक्तातील प्रतिपिंडांची साक्ष काढावी लागते. प्रतिपिंडे म्हणजे विषाणूचा प्रतिकार करण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रथिने. तापाच्या साधारणतः चौथ्या-पाचव्या दिवसापासून ‘आयजीएम’ प्रतिपिंडे आढळू लागतात आणि काही महिन्यांत ओसरतात. त्यामागून येणारी ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मात्र अनेक वर्षे टिकतात. जुन्या संसर्गाचा शोध त्यांच्याच आधारे घेतला जातो.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात. पण त्याला निष्प्रभ करू शकली नाहीत, तर पेशींमध्ये शिरण्यास त्याला साहाय्यच करतात. त्यामुळे दुसरा संसर्ग अधिक धोक्याचा ठरू शकतो. पूर्वी लागण न झालेल्या मुलांच्या बाबतीत लसच जणू पहिल्या संसर्गासारखी ठरली, असे तज्ज्ञ मानतात.

लशीमुळेही प्रतिपिंडे तयार होतात. मग ती नैसर्गिक संसर्गातील प्रतिपिंडांपासून वेगळी कशी ओळखावी? ही लस पीतज्वराच्या विषाणूला डेंग्यूचे बाह्य आवरण चढवून बनविलेली होती. त्यामुळे डेंग्यूचे ‘एनएस१’ हे प्रथिन तिच्यात नव्हते. साहजिकच, त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे हा नैसर्गिक संसर्गाचा पुरावा ठरला. लशीच्या अभ्यासातील साठविलेले रक्तनमुने याच पद्धतीने पुन्हा तपासल्यावर धोका स्पष्ट झाला.

तथापि, कोणतीही चाचणी निर्दोष नसते. झिका, जपानी मेंदूज्वर यांसारख्या नातलग विषाणूंची प्रतिपिंडेही फसवा होकार देऊ शकतात. समजा, एखादी चाचणी जुन्या रुग्णांपैकी ८० टक्के अचूक ओळखते आणि लागण न झालेल्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून ‘होय’ म्हणते. १००० मुलांपैकी ८०० जणांना पूर्वी डेंग्यू झाला असेल, तर ६५० होकारांपैकी केवळ १० चुकीचे निघतील. परंतु केवळ २०० जणांनाच तो झाला असेल, तर २०० होकारांपैकी ४० चुकीचे असतील. चाचणी तीच, मात्र तिच्या होकाराचे मोल गावागणिक बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये या लशीपूर्वी रक्तचाचणी करण्यास प्राधान्य दिले, ते या अनुभवानंतरच. आपल्या हाती असा अहवाल आला, तर एवढे ध्यानात ठेवावे : ‘आयजीजी’चा होकार म्हणजे आजचा ताप डेंग्यूचाच आहे, असे नव्हे, तसेच यापुढे डेंग्यू होणार नाही, अशी ती हमीही नव्हे. अहवालाचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा आणि डासांपासूनचे संरक्षण कधीही सैल होऊ देऊ नये.