झोन दाखला कोणासाठी?

जागा घेताना आपण सातबारा पाहतो, फेरफार तपासतो, वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घेतो. हे कागद सांगतात ती जमीन कोणाची. तिच्यावर काय करता येईल, हे सांगणारा कागद वेगळा: झोन दाखला. जागा निवासी आहे, औद्योगिक आहे, शेतीची आहे की ना-विकास. तिच्यावर रस्ता, शाळा किंवा उद्यानाचे आरक्षण आहे का, हे त्यात लिहिलेले असते. पुष्कळांची या दाखल्याशी गाठ पडते ती बांधकाम परवानगी अडल्यावर. मग ही सरकारी आडकाठी आहे, असा समज पक्का होतो. मला तो मान्य नाही. जमिनीचा सौदा दोघांत ठरतो, पण त्याचे परिणाम सहीला नसलेल्यांनाही भोगावे लागतात: शेजाऱ्यांना, उताराकडच्या वस्तीला, उद्या शाळेत जाणाऱ्या मुलांना. त्यांच्या वतीने बोलणारा हा एकच कागद आहे.

मुंबई हे प्लेगमध्ये शिकली. 1896 साली मांडवीत साथ सुरू झाली आणि उजेड-वारा नसलेल्या कोंदट चाळींमधून पसरली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे आखीव वसाहती उभ्या केल्या. 1915 साली मुंबई प्रांताला नगररचनेचा कायदा मिळाला. आजचे विकास आराखडे 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यान्वये होतात.

घर आणि कारखाना वेगळे ठेवणे हा झोनिंगचा जुना हेतू. तो फार ताणला की पेठेतले खाली दुकान, वर बिऱ्हाड हेही नियमबाह्य ठरेल, म्हणून आपल्याकडे निवासी भागात रोजच्या गरजेच्या दुकानांना वाव ठेवलेला आहे. जिवाशी गाठ असते ती नदीकाठी. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत दिसणारा प्लॉट या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे घेणाऱ्याला डोळ्यांनी कळत नाही. सांगली-कोल्हापुरात 2019 च्या पुरानंतर ते घराघराला कळले.

आता गिरणगाव. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 असा होता: गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर साधारण एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणीसाठी फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन धरायची, शेड पाडून मोकळी होणारी नाही. हिशेब करून पाहा. 15 एकरांची गिरणी, त्यातली 3 एकर मोकळी. जुन्या नियमाने पालिका आणि म्हाडाला मिळून 10 एकर मिळाली असती, नव्याने 2. गिरणी शेडनीच भरलेली असते, मोकळी जागा असून असून किती असणार? मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये नागरिकांची बाजू उचलून धरली, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. मध्य मुंबईत सुमारे 600 एकर गिरण्यांची जमीन होती. एवढी जागा या शहराला पुन्हा मिळणार नाही. लोअर परळच्या टॉवरमध्ये येणारी हजारो माणसे आज गिरण्यांच्या काळातल्या अरुंद रस्त्यांवरूनच चालतात. या बदलाला मी अन्यायच म्हणेन, आणि तो नियमावलीतल्या एका व्याख्येने झाला, हे विसरता कामा नये.

असाच एक कमी चर्चेतला दरवाजा 1966 च्या कायद्यातल्या कलम 127 चा. आरक्षित जमीन आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मालकाची यात चूक नाही. कोणाची जमीन वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे गैरच. पण पालिकेने पैसे उभे केले नाहीत म्हणून नकाशावरचे मैदान पुसले जाते, आणि तिथे खेळू शकणाऱ्या मुलांना कोणी नोटीस देत नाही.

बोलायची संधी मात्र कायद्याने ठेवली आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मुंबईचा 2034 चा पहिला मसुदा 2015 साली लोकांच्या हरकतींच्या रेट्यामुळेच मागे घेऊन नव्याने करावा लागला. वकील लागत नाही. साध्या कागदावर सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, काय बदलावे आणि का, एवढे लिहायचे; सुनावणीची मागणी करायची आणि पोचपावती घ्यायची. मुदत थोडी असते, म्हणून जाहीर सूचना निघताच आपल्या प्रभागाचे पान पाहून यावे.