बंदोबस्तापूर्वीची आठ मिनिटे

पोलिसांच्या शारीरिक क्षमतेचा विचार बहुधा दोनच प्रसंगी होतो : भरतीच्या मैदानी चाचणीत आणि पुढे सुटलेल्या पोटांची चर्चा निघते तेव्हा. कर्नाटकात शिपाईपदाच्या पुरुष उमेदवाराला 1600 मीटर अंतर साडेसहा मिनिटांत, तर महिला उमेदवाराला 400 मीटर अंतर दोन मिनिटांत पार करावे लागते. आणि 2018 मध्ये भास्कर राव राज्य राखीव पोलीस दलाचे प्रमुख असताना वजन न घटवणाऱ्या जवानांना कारवाईचा इशारा देण्यात आला होता. या दोन टोकांच्या मधली बाब, म्हणजे रोजच्या कामाला उभे राहण्यापूर्वी शरीर तयार करणे, फारशी कोणी मनावर घेत नाही; वस्तुतः प्रत्यक्ष कामाशी सर्वांत जवळचा संबंध तिचाच आहे.

बंगळुरूच्या पोलिसाचा दिवस पाहिला तर हे लक्षात येते. ‘होयसळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गस्ती वाहनातील कर्मचारी दीर्घकाळ बसून असतो, त्यामुळे मांडीचा सांधा पुढच्या बाजूने आखडतो. चौकातील वाहतूक पोलीस तासन्‌तास उभा राहतो, पोटऱ्यांचे आकुंचन थांबल्याने पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यास विलंब होतो आणि पाय जड पडतात. अशा अवस्थेतून, जाड बूट आणि कमरेचा पट्टा यांसह, क्षणात पळत्या माणसामागे धावावे लागते किंवा गर्दीला रेटावे लागते. खेळाडूला आपला सामना किती वाजता सुरू होणार हे ठाऊक असते; पोलिसाला ते कळत नाही, आणि इजेचा धोका नेमका येथे असतो.

शरीर तापवणे म्हणजे स्नायूंचे तापमान प्रत्यक्षात वाढवणे. ते एक अंश सेल्सिअसने वाढले तरी स्नायूची स्फोटक ताकद सुमारे दोन ते पाच टक्क्यांनी वाढते, कारण उष्ण स्नायूतील अंतर्गत अडथळा कमी होतो, मज्जातंतूंचे संदेश जलद वाहतात आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक सहज सोडते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यातील पहाटे तेथे गारवा असतो आणि तेव्हा या तयारीला थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. (तेथील हवा विरळ असल्याने धाप लागते, ही समजूत मात्र एवढ्या उंचीला लागू पडत नाही.) एखादा स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरला, तर त्यानंतर काही वेळ त्याची ताकद उलट किंचित घटते, म्हणून कवायतीपूर्वी वाकून पायाचे अंगठे धरून थांबण्याची जुनी सवय कामानंतरच्या वेळेसाठी राखून ठेवणे बरे.

उपकरणांविना, गणवेशातच करता येईल असा क्रम साधारण आठ मिनिटांचा असू शकतो. पहिली दोन मिनिटे जागच्या जागी चालणे आणि मग हलके धावणे, हात मोकळे फिरवत. त्यानंतर घोटे, कंबर आणि खांदे यांची वर्तुळे, दहा-बारा बैठका आणि लांब पावले टाकून गुडघा खाली नेत पुढे चालणे. पुढच्या दोन मिनिटांत काही जोर किंवा चार-पाच सूर्यनमस्कार घालावेत. शेवटी बाजूला सरकत धावणे, दोन्ही पायांवर हलक्या उड्या मारून आवाज न करता उतरणे आणि वाढत्या वेगाच्या तीन छोट्या धावा, ज्यांतील शेवटचीच पूर्ण वेगाच्या जवळ जाणारी असावी. घाम फुटावा, पण दम लागू नये, एवढीच तीव्रता पुरेशी असते. रक्तदाब, गुडघ्याचे दुखणे किंवा छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी उड्या आणि धावा वैद्यकीय सल्ल्याविना करू नयेत.

यातील बराचसा भाग या प्रदेशाला नवा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला. त्याच काळात बंगळुरूत हर्क्युलीस व्यायामशाळा चालवणारे शरीरसौष्ठवपटू के. व्ही. अय्यर यांनीही 1937 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. बंगळुरूच्या जुन्या पेठेतील गरडीमने, म्हणजे आपल्याकडील तालमी, जोर-बैठकांवरच पोसल्या. तरीही केवळ सूर्यनमस्कारांवर भागवणे अपुरे ठरते, कारण त्यात शरीर पुढे-मागे वाकते, पण बाजूला धावणे, वळणे आणि उडीनंतर सावरणे येत नाही, आणि पोलिसाचे पाय बहुधा तेथेच मुरगळतात.

पोलिसांऐवजी खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली आहे. नॉर्वेतील मुलींच्या फुटबॉल संघांवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे वीस मिनिटांच्या अशा कार्यक्रमामुळे एकूण आणि विशेषतः गंभीर दुखापती घटल्या. नियमितपणा जास्त तेथे लाभही जास्त, हे पुढील विश्लेषणात दिसले.

मात्र ही तयारी टिकत नाही. स्वस्थ राहिल्यास वाढलेले तापमान पंधरा-वीस मिनिटांत बरेचसे उतरते, त्यामुळे सकाळच्या हजेरीच्या वेळी केलेल्या व्यायामाचा उपयोग दुपारच्या धावपळीला होत नाही. म्हणून उभ्या बंदोबस्तात दर अर्ध्या तासाला टाचा वीस वेळा उचलणे व गुडघे वर घेत मिनिटभर जागीच चालणे, आणि गस्ती वाहनातून उतरण्याची संधी मिळताच पाच-सहा बैठका काढणे, एवढे कर्तव्यसूचीत लिहून ठेवले, तर त्यासाठी नवे मैदान लागणार नाही की वेगळी तरतूद.