गाडी थांबते, म्हणून...

मुंबईहून वाशीला लोकल १९९२ साली पोहोचली. दिवा-पनवेल रेल्वे मात्र १९६४ पासूनची. या मार्गावरच्या नावडे रोडला थांबणाऱ्या गाड्या आजही मोजक्याच.

याहून लहान ते हॉल्ट. तिथे अनेकदा रेल्वेचा माणूस नसतो. कमिशनवर नेमलेला एजंट तिकिटे विकतो. विक्री घटली की थांबा बंद होण्याची धास्ती. जपानमध्ये होक्काइदो बेटावरचे क्यू-शिराताकी हे कर्मचारी नसलेले स्टेशन मार्च २०१६ मध्ये बंद झाले. तिथून शाळेला जाणाऱ्या एका मुलीचे शिक्षण त्याच महिन्यात पुरे झाले.

म्हणून मला वाटते, थांबा तोडण्यापूर्वी तिकिटे जरूर मोजावीत. पण गाडीची वाट पाहत कोण उभे आहे, तेही पाहावे. कॉलेजला निघालेल्या मुलीला आणि भाजीची पाटी घेतलेल्या बाईला ती एकच गाडी असते.