उसाच्या चिपाडात दडलेली दुसरी साखर

मागच्या गाळप हंगामातली गोष्ट. सकाळी परिपाठ चालू होता आणि पटांगणात काळी राख उडत यायला लागली. पलीकडच्या शिवारात कुणीतरी पाचट पेटवलं होतं. पांढऱ्या सदऱ्यांवर काळे ठिपके पडले, ते झटकायला गेलं की आणखी पसरले. त्या दिवशी आठवीच्या तासाला धडा बाजूलाच राहिला. एकाने विचारलं, "सर, कारखाना उसाचे पैसे देतो, मग पाचटाचे का देत नाही?" मी पटकन सांगून टाकलं, "अरे, कारखान्याला साखर पाहिजे. पाचटात कुठली आलीय साखर?"

उत्तर दिलं खरं, पण ते चुकीचं होतं. पाचटात साखर आहे, भरपूर आहे. फक्त ती आपल्या जिभेला कळत नाही. आजचा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती समजा.

ऊस तोडला की शेंड्याचे हिरवे वाढे जनावरांना जातात. वाळलेली पानं, म्हणजे पाचट, फडात पडून राहतं. आणि कांडी कारखान्यात गेली की रस काढून उरतं ते चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात. पाचट काय किंवा चिपाड काय, दोन्ही मुख्यतः तीन पदार्थांचे बनलेले असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. घराचा स्लॅब टाकताना बघितला असेल ना? आत लोखंडी सळया असतात, त्या तारेने बांधलेल्या असतात आणि वरून सिमेंट ओततात. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत सळयांचं काम सेल्युलोज करतं, बांधायच्या तारेचं हेमिसेल्युलोज आणि सिमेंटचं लिग्निन. कोरड्या चिपाडात सेल्युलोज साधारण ४० ते ४५ टक्के, हेमिसेल्युलोज २५ ते ३० टक्के आणि लिग्निन २० ते २५ टक्के असतं. यातले सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज हे दोन्ही साखरेच्या रेणूंच्या लांबलचक माळा आहेत. म्हणजे चिपाडाचा निम्म्याहून जास्त भाग साखरेपासूनच बनलेला आहे!

मग ते गोड का लागत नाही? घरी एक प्रयोग करा. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन गिळू नका, दोन-तीन मिनिटं चावत राहा. हळूहळू गोडसर चव येते. भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजची माळ, आणि लाळेतलं अमायलेज हे विकर ती माळ तोडतं. आता रस संपलेलं चिपाड पाण्याने स्वच्छ धुऊन तितकाच वेळ चावून बघा. दात दुखतील, पण गोडी येणार नाही. सेल्युलोजही ग्लुकोजचीच माळ आहे, पण तिच्यातला प्रत्येक मणी आधीच्या मण्याच्या उलटा ओवलेला असतो. या सांध्याला बीटा बंध म्हणतात. तो तोडणारं विकर माणसाकडे नाही. गाईकडेही नाही बरं का! तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात सूक्ष्मजीव राहतात, त्यांच्याकडे ते आहे. गाय वाढे खाते ती या भाडेकरूंच्या जिवावर.

आता हेमिसेल्युलोजकडे वळू, कारण आपला विषय तोच आहे. उसातल्या हेमिसेल्युलोजचा मोठा भाग म्हणजे झायलन. ही झायलोज नावाच्या साखरेची माळ. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, झायलोजमध्ये पाच. ग्रीक भाषेत लाकडाला 'झायलॉन' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. ही अख्खी माळ काही कामाची नाही. तिचे सगळे मणी सुटे केले तर साधी झायलोज साखर मिळते. पण माळ तोडताना मध्येच थांबलं आणि दोन ते सात मण्यांचे छोटे तुकडे ठेवले, तर मिळतात झायलो-ऑलिगोसॅकराइड. 'ऑलिगो' म्हणजे मोजकेच. बाजारात यांना थोडक्यात एक्सओएस म्हणतात, आपणही तेच म्हणू.

हे तुकडे किंचित गोड असतात, साखरेच्या निम्म्यानेही नाहीत. त्यांची किंमत गोडीसाठी नाहीच. त्यांच्यातही बीटा बंध असल्यामुळे जठरात आणि लहान आतड्यात ते पचत नाहीत, जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचतात. तिथे आपलेही भाडेकरू आहेत. त्यांतले बायफिडोबॅक्टेरिया हे तुकडे आवडीने खातात, वाढतात आणि ॲसिटिक आम्लासारखी लहान आम्लं तयार करतात. त्यामुळे आतड्यातलं वातावरण आम्लधर्मी होतं आणि काही त्रासदायक जंतूंना तिथे टिकणं अवघड जातं. अशा अन्नाला प्रीबायोटिक म्हणतात. ही कल्पना गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडली. परीक्षेत मुलं प्रीबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत हमखास घोळ करतात. दह्यातून किंवा औषधातून हितकारक जिवंत जीवाणू पोटात घेतले तर ते प्रोबायोटिक. आणि आधीच पोटात असलेल्या जीवाणूंचं जेवण, ते प्रीबायोटिक. एक पाहुणा आणि दुसरा त्याचा डबा, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

एक्सओएस बनवायचं कसं? ऐकायला सोपं वाटतं, पण खरी कसरत 'मध्येच थांबण्यात' आहे. पहिली अडचण त्या सिमेंटची. लिग्निनमध्ये अडकलेलं झायलन आधी मोकळं करावं लागतं. त्यासाठी एक मार्ग म्हणजे चिपाड बंद भांड्यात पाण्यासोबत १६० ते १९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, प्रेशर कुकरच्याही बरंच पुढे. झायलनच्या माळेला ॲसिटिल नावाचे गट लटकलेले असतात. ते उष्णतेने सुटून ॲसिटिक आम्ल बनतं आणि हेच आम्ल माळ तोडायला लागतं. म्हणजे बाहेरून आम्ल घालायची गरजच नाही! पण वेळ जास्त झाला की सगळे मणी सुटे होतात, आणि त्याहून पुढे गेलं तर झायलोजचं फुरफुराल बनतं. फुरफुराल उद्योगात उपयोगी आहे, पण पोटात घ्यायचा पदार्थ नाही.

दुसरा मार्ग जास्त शिस्तीचा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात झायलन विरघळवून वेगळं काढायचं आणि मग झायलनेज हे विकर घालून साधारण ५० अंशाला ठेवायचं. हे विकर माळेला मधूनच कापतं, त्यामुळे छोटे तुकडे मिळतात. मात्र त्याच्यासोबत बीटा-झायलोसिडेज नावाचं दुसरं विकर असेल तर ते टोकापासून एकेक मणी काढत बसतं आणि केलेल्या कामावर पाणी फिरवतं. म्हणून विकर निवडताना हे दुसरं त्यात जवळजवळ नसावं, हे बघावं लागतं. अशी विकरं बुरशी आणि जीवाणूंपासून मिळवतात. त्यातली एक म्हणजे ट्रायकोडर्मा. नाव ओळखीचं वाटलं? कृषी सेवा केंद्रातून घरी आणतात ना, मर रोगासाठी, तिच्याच कुळातली. बुरशी हे काम फुकटात करते, बांधावर पडलेल्या चिपाडात रोज चालू असतं. फक्त ती मध्ये थांबत नाही, सगळं खाऊन मोकळी होते.

शेवटी उरतं ते शुद्धीकरण. कोळशाने रंग काढायचा, सूक्ष्म गाळण्यांतून क्षार आणि सुट्या साखरा वेगळ्या करायच्या, मग सुकवून भुकटी. लिहायला दोन ओळी, पण खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो.

आता थोडं गणित करू. एक टन उसापासून साधारण २८० किलो ओलं बगॅस मिळतं. त्यात निम्मं पाणी, म्हणजे कोरडं १४० किलो. त्याच्या पाव भाग हेमिसेल्युलोज धरलं तर ३५ किलो. त्याच टनातून साखर निघते १०० ते ११० किलो. म्हणजे आपण जी साखर पोत्यात भरतो तिच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी दुसरी साखर माळांच्या रूपात चिपाडातच राहते. सगळी हाती लागत नाही हे खरं, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. जपान आणि चीनमध्ये एक्सओएसचं उत्पादन मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून बऱ्याच वर्षांपासून होतं. तत्त्व तेच.

इथे कुणी म्हणेल, मग आपले कारखाने हे का करत नाहीत? कारण बगॅसला आपण कचरा म्हणत असलो तरी कारखान्याच्या दृष्टीने तो कचरा नाहीच. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, तो बॉयलर याच बगॅसवर चालतो. त्याच्या वाफेवर साखर शिजते, वीज तयार होते, उरलेली वीज विकलीही जाते. तेव्हा बगॅस दुसरीकडे वळवलं तर बॉयलरला काय घालायचं? यावर एक उत्तर मला पटतं. हेमिसेल्युलोज जळताना लिग्निनपेक्षा बरीच कमी उष्णता देतं. आधी ते काढून घेतलं आणि उरलेलं सेल्युलोज-लिग्निन वाळवून जाळलं, तर इंधन अगदीच बुडत नाही. पण त्या वाळवण्यालाही उष्णता लागते, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. दिवसाला दीड ते तीन ग्रॅम एक्सओएस घेतल्यावर बायफिडोबॅक्टेरिया वाढल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. पण म्हणून महागडी भुकटी आणायला पळू नका. कांदा, लसूण आणि कोंड्यासकट दळलेलं धान्य यांतही आपल्या जीवाणूंचं जेवण असतंच. जास्त झालं की पोटात गॅस होतो, तोही याच जीवाणूंचा प्रताप!

आता त्या मुलाचा प्रश्न. पाचटातही झायलन आहे, मग त्याचे पैसे मिळतील का? चिपाड कारखान्याच्या दारात आयतं गोळा झालेलं असतं. पाचट मात्र रानभर पसरलेलं, मातीने भरलेलं, वजनाला हलकं आणि जागेला भारी. ते गोळा करून, गठ्ठे बांधून, वाहून नेण्यातच पैसा संपतो. त्यामुळे अशी साखर काढायची झाली तर पहिला नंबर चिपाडाचा लागेल, पाचटाचा नाही.

पण ते पेटवण्यात काय जातं ते मोजू. एकरी साधारण ४ टन पाचट निघतं आणि त्यात ०.४ ते ०.५ टक्के नत्र असतं. म्हणजे १६ ते २० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं सुमारे २०.७ किलो. पेटवलेल्या प्रत्येक एकरामागे जवळपास एका गोणीचं नत्र, यातलं बहुतेक धुरावाटे जातं. सोबत जमिनीचा सेंद्रिय कर्बही. खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीत दाबून, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जीवाणूखत टाकायची शिफारस आहे. युरिया का लागतो? त्या सूक्ष्मजीवांना माळा तोडताना स्वतःचं शरीरही वाढवायचं असतं, आणि पाचटात कर्ब भरपूर पण नत्र थोडं. सुरुवातीला घातलेलं हे नत्र जीवाणू मेल्यावर पिकाला परत मिळतं.

हे सगळं मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडून दाखवलं. त्याने गोणीचा हिशेब वहीत उतरवून घेतला, आणि मग म्हणाला, "सर, आमचं साडेतीन एकर आहे. घरी सांगतो, पण आजोबा म्हणतात पाचटात उंदीर होतात."

स्वाध्याय :
१) भाकरी चावल्यावर गोड लागते, धुतलेलं चिपाड लागत नाही. कारण लिहा.
२) एक्सओएस बनवताना विकरात बीटा-झायलोसिडेज का नको?
३) तुमच्या घरी किंवा शेजारी ऊस असेल तर पाचटाचं काय करतात ते विचारा. पेटवत असतील तर त्यांची कारणंही नीट ऐकून लिहून आणा.